बेटिओ, २० नोव्हेंबर १९४३ : मेरीलँडच्या तोफा आणि मेरीलँडचा रेडिओ

२० नोव्हेंबर १९४३ च्या संध्याकाळी मध्य प्रशांत महासागरात अमेरिकन मरीन सैनिकांची एक अख्खी बटालियन तिच्याच सेनापतीला सापडेनाशी झाली. ती बुडाली नव्हती, भरकटलीही नव्हती. ठरलेल्या जागी होड्यांमध्ये बसून हुकमाची वाट पाहत होती. सेनापती काही मैलांवर एका युद्धनौकेवर होता आणि त्याच्या हिशेबात ही बटालियन केव्हाच किनाऱ्याला लागली होती. रात्री उशिरा खरे काय ते कळले. तोवर सैनिकांची ती रात्र लाटांवर हेलकावे खात, ओकाऱ्या काढत गेली होती.

डिव्हिजनच्या सेनापतीला आपली शेवटची राखीव फौज कुठे आहे हे ठाऊक नसावे, ही युद्धातली साधी चूक नव्हे. बेटिओ या बेटावरच्या लढाईवर लिहिताना बहुतेकांचे लक्ष प्रवाळावर अडकलेल्या होड्या आणि जपानी मशीनगन यांच्याकडे जाते. ते स्वाभाविकच आहे, कारण माणसे तिथे मेली. मला मात्र या लढाईतले सर्वांत शिकण्याजोगे प्रकरण मेरीलँड या ध्वजनौकेचे वाटते. तोफा डागायच्या आणि मोहीमही चालवायची, अशी दोन कामे एकाच जहाजावर टाकली होती. पहिल्या कामाने दुसऱ्याचा घात केला.

जागा, माणसे आणि साखळी

तारावा हे गिल्बर्ट बेटांमधले प्रवाळकंकण. आज ते किरिबाटी देशात आहे. त्याच्या नैर्ऋत्य टोकाला बेटिओ हे जेमतेम तीनेक किलोमीटर लांब, रुंदीला सगळ्यात जास्त असेल तिथेही पाऊण किलोमीटर भरेल न भरेल असे बेट. जपान्यांनी त्यावर धावपट्टी बांधली होती आणि तिच्याभोवती नारळाच्या ओंडक्यांचे, काँक्रीटचे आणि वाळूचे बुरूज उभारले होते. रिअर ॲडमिरल केजी शिबासाकी यांच्या हाताखाली मजूर धरून साडेचार हजारांवर माणसे होती. त्यातले बरेच मजूर कोरियन.

अमेरिकन बाजूची साखळी समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. सगळ्यात वर इंडियानापोलिस क्रूझरवर व्हाइस ॲडमिरल स्प्रुअन्स. त्यांच्या खाली रिअर ॲडमिरल टर्नर, तारावाच्या उत्तरेला सुमारे शंभर मैलांवर माकिन बेटापाशी, पेनसिल्व्हेनिया या युद्धनौकेवर. त्याच जहाजावर पाचव्या उभयचर कोअरचे, म्हणजे डिव्हिजनांच्या वरच्या फौजेचे, प्रमुख मेजर जनरल हॉलंड स्मिथ. तारावापाशी मेरीलँडवर दक्षिण हल्ला दलाचे रिअर ॲडमिरल हॅरी हिल आणि दुसऱ्या मरीन डिव्हिजनचे मेजर जनरल जूलियन स्मिथ. दोन्ही स्मिथांचा एकमेकांशी संबंध फक्त हुद्द्यापुरता, पण वाचताना गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवतो. आणि सगळ्यात खाली, प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरणाऱ्या बटालियनांचा प्रमुख कर्नल डेव्हिड शूप.

ही साखळी रेडिओवर उभी होती. शूपला मदत हवी असेल तर त्याने मेरीलँडला कळवायचे, मेरीलँडने विमानांना, विनाशिकांना, राखीव फौजेला. कोअरची राखीव रेजिमेंट हवी असेल तर मेरीलँडने पेनसिल्व्हेनियाला. म्हणजे मेरीलँड मुकी झाली की वरचे आणि खालचे दोघेही अडले.

मग असे नाजूक काम युद्धनौकेवर का दिले? मेरीलँड १९२१ साली नौदलात आलेली. १६ इंची आठ तोफा. पर्ल हार्बरला बाँब खाऊन दुरुस्त झालेली. ॲडमिरलला राहायला जागा, त्याच्या अधिकाऱ्यांना बसायला जागा, आणि साध्या सैन्यवाहू जहाजापेक्षा चांगली रेडिओसामग्री. एवढ्या कारणांवर ती निवडली गेली. पर्याय अस्तित्वात होता, पण हाताशी नव्हता. फक्त मोहीम चालवण्यासाठी बांधलेली ॲपलेशियन आणि रॉकी माउंट ही जहाजे ऑक्टोबर १९४३ मध्ये नौदलात दाखल झाली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तारावाचा ताफा न्यू हेब्रिडीजमधल्या एफाते बेटापाशी सराव करत होता. नवी जहाजे तिथे वेळेत पोचणे शक्यच नव्हते.

धोक्याची सूचना मात्र वर्षभर आधी मिळाली होती. ८ नोव्हेंबर १९४२ ला मोरोक्कोच्या किनाऱ्यावर जनरल पॅटन ऑगस्टा क्रूझरवर होते. किनाऱ्यावर जायची त्यांची होडी सामानासकट जहाजाच्या बाजूला टांगून तयार होती. तेवढ्यात कासाब्लांकातून फ्रेंच जहाजे बाहेर पडली, ऑगस्टा त्यांच्यावर तोफा डागत निघाली आणि तोफांच्या दणक्याने ती होडी फुटली. फौज किनाऱ्यावर लढत होती आणि तिचा सेनापती जहाजावर, दुसऱ्याच लढाईत अडकला होता. दुपार होईपर्यंत त्यांना किनाऱ्याला पाय लावता आला नाही. त्याच मोहिमेत ब्रिटिशांनी अल्जीयर्सला बुलोलो आणि ओरानला लार्ग्ज ही मुख्यालयासाठी बदललेली व्यापारी जहाजे वापरली. अमेरिकनांनीही १९४३ च्या जुलैत सिसिलीला आणि सप्टेंबरात सालेर्नोला अँकॉन हे मूळचे प्रवासी जहाज त्याच कामाला लावले. म्हणजे काय करायला हवे हे माहीत होते. ते ज्ञान भूमध्य समुद्रात होते आणि लढाई प्रशांत महासागरात होती.

पहाट

५ वाजून ७ मिनिटांनी बेटिओवरच्या जपानी तोफांनी तोंड उघडले. मेरीलँड आणि कोलोरॅडो यांनी उत्तर दिले. मेरीलँडच्या मोठ्या तोफांच्या पहिल्याच बारासरशी तिच्या ध्वजदालनातला रेडिओ संपर्क कोलमडला.

१६ इंची तोफेचा बार म्हणजे पाऊण ते एक टनाचा गोळा वीसेक मैल फेकणारा स्फोट. अशा अनेक तोफा एकदम सुटल्या की सगळे पोलाद हादरते. जहाजाचा सांगाडा त्यासाठीच बांधलेला असतो. त्याच्या पोटात नंतर आणून बसवलेली बिनतारी यंत्रे तशी नसतात. त्या काळचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालत. सांधे, रिले, तारा, आणि वर डेकवर उघड्या वाऱ्यात ताणलेल्या अँटेना. युद्धनौकेला रोजच्या कामासाठी जेवढे दळणवळण लागते तेवढे हादरे सोसून चालू ठेवायची सवय खलाशांना होती. इथे एका डिव्हिजनची, शेकडो होड्यांची, विमानांची आणि तोफमाऱ्याची सगळी बोलणी त्या एका जहाजातून जायची होती. पहिल्या दणक्यानंतर ती तुटली आणि पुढे दिवसभर तुटत, जुळत, पुन्हा तुटत राहिली.

याचे फळ अर्ध्या तासात दिसले. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पावणेसहाला विमानवाहू जहाजांवरून विमाने यायची होती. त्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी हिल यांनी ५ वाजून ४२ मिनिटांनी तोफमारा थांबवला. विमाने आली नाहीत. विमानवाहू गटाने आपली वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली होती आणि हे हिल यांना कळवलेच नव्हते. यात मेरीलँडचा दोष नाही. पण चूक कुणाचीही असो, ती दोन मिनिटांत निस्तरता आली असती. विमाने कुठे आहेत, असे विचारायचे, एवढेच. ते विचारायला आवाजच नव्हता.

जवळजवळ २५ मिनिटे बेटिओवर कोणी काही टाकत नव्हते. जपानी तोफचींनी धूळ झटकली, तोफा सावरल्या आणि माणसे होड्यांत उतरवत असलेल्या सैन्यवाहू जहाजांवर मारा सुरू केला. ती जहाजे आधीच चुकीच्या जागी, तोफांच्या टप्प्यात उभी होती. त्यांना होड्या मागे घेऊन हलावे लागले. ६ वाजून ५ मिनिटांनी हिल यांनी कंटाळून पुन्हा तोफमारा सुरू केला आणि पाच मिनिटांत विमाने उगवली.

किनाऱ्याला लागायची वेळ साडेआठ ठरली होती. ती आधी पावणेनऊ झाली, मग नऊ. होड्यांच्या रांगा प्रवाहाविरुद्ध मागे पडत होत्या हे मेरीलँडवरच्या किंगफिशर या निरीक्षण विमानातून लेफ्टनंट कमांडर मॅकफर्सन पाहत होते. पण बदललेली वेळ विमानवाहूंपर्यंत नीट पोचली नाही. किनाऱ्यावर मशीनगनचा मारा करणारी विमाने जुन्या वेळेच्या हिशेबाने आली. धूर आणि धुळीत आपल्याच माणसांवर गोळे पडतील या भीतीने हिल यांनी नवाच्या आत मोठा तोफमारा थांबवला. पहिले एलव्हीटी, म्हणजे पाण्यात तरंगून जमिनीवर साखळपट्ट्यांवर चालणारे वाहन, रेड-१ किनाऱ्याला (उत्तर किनाऱ्याचे पश्चिमेकडून रेड-१, रेड-२ आणि रेड-३ असे तीन भाग पाडले होते) लागले ते ९ वाजून १० मिनिटांनी. मधल्या पंधरा मिनिटांत जपानी सैनिक दक्षिणेकडचे खंदक सोडून उत्तरेला येऊन बसले.

खाजणात शिरलेल्या रिंगोल्ड आणि डॅशिएल या दोन विनाशिका मात्र रेड-३ समोर थोडा जास्त वेळ मारा करत राहिल्या. त्या जवळ होत्या, त्यांना किनारा डोळ्यांनी दिसत होता. मेजर क्रो यांची बटालियन तिथे उतरली आणि त्या सकाळी सर्वांत कमी नुकसान तिचे झाले. मी या तपशिलाला फार महत्त्व देतो. वरून हुकूम मिळण्याची गरज जिथे कमी होती तिथेच काम झाले.

पाण्यातले रेडिओ

बेटिओभोवती प्रवाळाचा कठडा किनाऱ्यापासून पाचशे यार्डांवर पसरलेला. त्या दिवशी भांगाची भरती होती, आणि चंद्र पृथ्वीपासून लांब असल्याने तीही अगदी क्षीण. गिल्बर्ट बेटांत पंधरा वर्षे राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी पाणी पुरणार नाही असे आधीच सांगितले होते. पहिल्या तीन रांगा एलव्हीटीवर होत्या, त्या कठडा ओलांडून गेल्या. मागच्या रांगा हिगिन्स होड्यांत होत्या. त्या होड्यांना साडेतीन-चार फूट पाणी लागते. त्या कठड्यावर टेकल्या आणि माणसे छातीभर पाण्यात उतरून गोळ्यांखाली चालत निघाली.

त्यांच्या पाठीवर रेडिओ होते. टीबीवाय हा एका माणसाने वाहायचा, टीबीएक्स जरा मोठा, हाताने फिरवायच्या जनित्रावर चालणारा. दोन्हींना खारे पाणी सोसत नव्हते. रेडिओवाला पडला की संच बुडाला, आणि रेडिओवाला वाचला तरी कमरेएवढ्या पाण्यातून पाचशे यार्ड चालल्यावर आतली यंत्रे भिजून बंद. रेड-२ वरच्या बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल एमी पाण्यातच मारले गेले. केवळ निरीक्षक म्हणून चौथ्या मरीन डिव्हिजनमधून आलेल्या लेफ्टनंट कर्नल जॉर्डन यांना तिथल्या तिथे बटालियन हाती घ्यावी लागली. रेड-१ ची बटालियन विस्कटली. तिचे प्रमुख मेजर शोएटल होडीतच अडकले. किनाऱ्यावरून जबर मारा होतोय, सगळ्यांना उतरवणे अशक्य, निकाल अनिश्चित, असा त्यांचा संदेश दहाच्या सुमाराला शूपला मिळाला. रेड-२ वर उतरून पश्चिमेकडे सरका, असे शूपने कळवले. उतरवायला आमच्याकडे काही उरलेले नाही, असे उत्तर आले.

शूप स्वतः पायाला जखम घेऊन किनाऱ्यावर पोचला. दुपारच्या सुमाराला त्याने एका जपानी बुरुजाच्या आडोशाला आपले ठाणे मांडले. बुरुजाच्या आत जपानी सैनिक जिवंत होते. त्यांना बाहेर काढायला ना स्फोटके मोकळी होती ना माणसे, म्हणून तोंडांवर पहारेकरी बसवले आणि काम सुरू केले. भिंतीच्या एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला नकाशा, एखाददुसरा चालू-बंद होणारा रेडिओ आणि निरोपे. हे अमेरिकन हल्ल्याचे किनाऱ्यावरचे सर्वोच्च ठाणे होते. रेडिओवर भरवसा नसल्यामुळे शूपने लेफ्टनंट कर्नल इव्हान्स कार्लसन यांना परत समुद्रात पाठवले, मेरीलँडवर प्रत्यक्ष जाऊन सांगायला : काहीही झाले तरी आम्ही इथून हलत नाही, लढतो. कार्लसन दुपारी निघाले. जहाजावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. चालत्या-पोहत्या माणसाच्या हाती निरोप द्यायचा आणि तो काही मैल जायला अर्धा दिवस लागायचा, इतकी या मोहिमेची दळणवळण व्यवस्था मागे गेली होती.

पश्चिम टोकाला त्याहून विचित्र गोष्ट घडत होती. मेजर मायकल रायन यांनी वेगवेगळ्या तुकड्यांतली विखुरलेली माणसे गोळा करून तिथे चांगली जागा धरली होती. त्या दिवसातले ते सर्वांत मोठे यश. पण त्यांचे रेडिओ बंद होते. शूपला आणि मेरीलँडला वाटत होते की त्या बाजूला सगळे संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेफ्टनंट ग्रीन हा तोफमारा दिग्दर्शक रायनना मिळाला. त्याच्याकडे नीट चालणारा रेडिओ होता. त्याने दोन विनाशिका हाकेवर घेतल्या आणि सुमारे तासाभरात पश्चिमेकडचा, ‘ग्रीन’ हे नाव दिलेला किनारा पूर्ण ताब्यात आला. एक चालू रेडिओ, दोन जहाजे, एक तास.

हरवलेली बटालियन

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येतो. जूलियन स्मिथ यांच्याकडे राखीव म्हणून आठव्या रेजिमेंटच्या दोन बटालियन होत्या. त्यातली एक सकाळीच शूपच्या मदतीला गेली आणि पाण्यात जबर मार खाल्ला. उरली मेजर हेज यांची पहिली बटालियन. तिच्यासोबत रेजिमेंटचे प्रमुख कर्नल एल्मर हॉल. ती संपली की स्मिथ यांच्या हाती काहीच नव्हते, म्हणून दुपारी दीडच्या सुमाराला त्यांनी हॉलंड स्मिथ यांच्याकडे कोअरची राखीव सहावी रेजिमेंट मागितली. संदेशात पुन्हा तेच शब्द : निकाल अनिश्चित. डिसेंबर १९४१ मध्ये वेक बेट पडण्यापूर्वी तिथून याच शब्दांचा संदेश आला होता. ते वाचून मरीन अधिकाऱ्यांच्या पोटात काय झाले असेल याची कल्पना येते. मागणी तासाभरात मंजूर झाली.

मग हेज यांच्या बटालियनला बेटाच्या पूर्व टोकाला उतरवून शत्रूच्या पाठीवर जायचे असे ठरले. हुकूम सुटला. तो हॉल यांच्यापर्यंत पोचला नाही. हुकूम सुटला आणि पोचला नाही, हे स्मिथ यांना कळण्याची काही सोय नव्हती. त्यातच निरीक्षण विमानाने सांगितले की निघण्याच्या रेषेवरून एक तुकडी किनाऱ्याकडे चालली आहे. मेरीलँडवर निष्कर्ष निघाला : हॉल निघाले. प्रत्यक्षात ते दहाव्या रेजिमेंटचे तोफखान्याचे लोक होते, लेफ्टनंट कर्नल रिक्सी यांचे. हलक्या तोफा सुट्या करून किनाऱ्याला नेत होते.

हा या प्रकरणाचा गाभा आहे. रेडिओ बंद पडला म्हणजे माहिती थांबते असे आपण धरून चालतो. मुख्यालयात माहिती कधी थांबत नाही. तिथे नकाशा असतो, वेळ पुढे सरकत असते, आणि रिकामी जागा कोणीतरी भरतोच. विमानातून दिसलेली हालचाल खरी होती, तिचा अर्थ चुकीचा लावला गेला. हॉल यांना विचारता आले असते तर तो अर्थ एका प्रश्नात कोसळला असता. १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर डिएप इथे हेच झाले होते. कॅल्प या छोट्या विनाशिकेवर बसलेल्या जनरल रॉबर्ट्स यांना किनाऱ्यावरून तुटक, अर्धवट संदेश मिळाले, त्यावरून हल्ला पुढे सरकतोय असे वाटले आणि त्यांनी राखीव बटालियन सरळ मृत्यूच्या तोंडी पाठवली. मेरीलँडवर चूक उलट दिशेने झाली, राखीव फौज पाठवली असे वाटले आणि ती गेलीच नव्हती. दोन्हींची जात एकच.

ब्रिगेडियर जनरल लिओ हर्मल यांची गोष्ट याच्याच जोडीची. डिव्हिजनचे दुय्यम प्रमुख म्हणून त्यांना किनाऱ्यापासून समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यापर्यंत जाऊन परिस्थिती बघायला पाठवले. नंतर किनाऱ्यावरच्या सर्व फौजांचे नेतृत्व घ्या, असा हुकूम मेरीलँडवरून निघाला. तोही पोचला नाही. हर्मल रात्रभर धक्क्याच्या टोकाला रसद सोडवत आणि शूपकडे निरोपे पाठवत राहिले. राखीव फौज रेड-२ वर उतरवा, हे शूपचे उत्तर निरोप्यांनी आणले. ते मेरीलँडला कळवायला हर्मल यांच्याजवळचा रेडिओ चालेना, म्हणून होडीने रिंगोल्डवर जाऊन तिचा रेडिओ वापरावा लागला.

हेज यांची बटालियन अखेर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहानंतर निघाली. वीसेक तास होड्यांत काढलेली, उपाशी, ओकून रिकामी झालेली माणसे. पाणी पुन्हा कमी, होड्या पुन्हा कठड्यावर, आणि रात्रीत जपान्यांनी मशीनगन नव्या जागी आणून, कठड्याजवळच्या एका मोडक्या जहाजातही माणसे बसवली होती. आदल्या सकाळचाच प्रकार पुन्हा घडला. आदल्या रात्री अंधारात धक्क्याच्या आडोशाने ती उतरली असती तर? रिक्सींच्या तोफा त्याच आडोशाने किनाऱ्याला लागल्या होत्या, म्हणून हा प्रश्न हवेतला नाही. पूर्व टोकाचा हुकूम पोचला असता तर काय झाले असते हे सांगता येत नाही. तिथले पाणी आणि तिथले बुरूज कुणी तपासले नव्हते. पण रेड-२ चा अंधारातला मार्ग खुला होता, शूपला माणसे हवी होती आणि माणसे होती. मधला दुवा तेवढा नव्हता.

पलीकडची बाजूही मुकी होती

त्या रात्री जपान्यांनी जोराचा प्रतिहल्ला केला असता तर किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात दाटीने पडलेले मरीन समुद्रात ढकलले गेले असते, असे तिथल्या अनेकांना वाटत होते. हल्ला आला नाही. शिबासाकी पहिल्या दुपारीच आपले ठाणे हलवताना उघड्यावर सापडले आणि विनाशिकांच्या गोळ्यांनी त्यांच्या अधिकाऱ्यांसह मारले गेले. आणि त्यांच्या टेलिफोनच्या तारा पहाटेच्या तोफमाऱ्याने तुटल्या होत्या. बुरुजाबुरुजांत माणसे जिवंत होती, गोळ्या होत्या, पण त्यांना एकत्र आणणारा आवाज नव्हता. म्हणून मेरीलँडच्या तोफांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. त्यांनी स्वतःचा रेडिओ पाडला तसे शत्रूचे टेलिफोनही पाडले. दोन मुक्या फौजा एका चिमुकल्या बेटावर भिडल्या होत्या. त्यातल्या एकीकडे शूप जिवंत होता, दुसरीचा सेनापती गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा शूपने कळवले : हताहत पुष्कळ, मृतांचे प्रमाण अज्ञात, लढण्याची क्षमता – आपण जिंकतो आहोत. त्या रात्री डिव्हिजनचे चीफ ऑफ स्टाफ कर्नल एडसन किनाऱ्यावर आले आणि शूपच्या खांद्यावरचा भार उतरला. ७६ तासांत लढाई संपली. हजाराच्या आसपास अमेरिकन मेले, दोन हजारांवर जखमी झाले. जपानी लढवय्यांपैकी फक्त १७ जण जिवंत हाती लागले.

कशाला काय जबाबदार

मेरीलँडऐवजी ॲपलेशियनसारखे जहाज असते तर ही यादी कितपत बदलली असती? प्रामाणिकपणे पाहिले तर सगळी नाही. भांगाची भरती तशीच राहिली असती. भिजलेले टीबीवाय भिजलेलेच राहिले असते, रायन पश्चिम टोकाला तसेच मुके राहिले असते. विमानवाहूंनी आपली बदललेली वेळ कळवली नाही, ती कदाचित तरीही कळवली नसती. पण पहाटेची ती २५ मिनिटे, बदललेल्या वेळेचा निरोप, विमानांचे नियंत्रण, आणि हॉल यांच्याशी दुतर्फा बोलणे, या गोष्टी थेट ध्वजनौकेच्या आवाक्यातल्या होत्या. मला यांतली शेवटची सर्वांत मोठी वाटते.

आणखी एक धोका टळला, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. जपानी आरमार बाहेर पडले असते तर १६ इंची तोफांच्या नौकेला लढाईच्या रांगेत जावे लागले असते, आणि जूलियन स्मिथ, त्यांचे नकाशे आणि त्यांचे अधिकारी तिच्यासोबत क्षितिजापलीकडे गेले असते. ऑगस्टावर पॅटन यांचे छोट्या प्रमाणात हेच झाले होते.

नवी जहाजे या दोन्ही दुखण्यांवर उपाय म्हणून बांधली गेली. मालवाहू जहाजाचा सांगाडा, ५ इंची दोन तोफा आणि स्वसंरक्षणाच्या लहान तोफा, वेग बेताचा. दिसायला काहीच रुबाब नाही. आत मात्र आरमार, फौज आणि विमाने यांचे अधिकारी एकाच दालनात बसतील असे संयुक्त नियंत्रणकक्ष, रडारची माहिती एकत्र मांडायची खोली, रेडिओच्या खोल्या, सांकेतिक लिपीची खोली, नकाशे आणि छायाचित्रे छापायची सोय. वर अँटेनांचे रान. या जहाजाला दुसरे काही कामच नव्हते. किनाऱ्याच्या टोकालाही दुरुस्ती झाली. जहाजांचा तोफमारा, विमाने आणि किनारा यांच्यात बोलणी जुळवायला खास प्रशिक्षित संयुक्त सिग्नल कंपन्या पुढच्या मोहिमेपासून उतरणाऱ्या डिव्हिजनांसोबत गेल्या, आणि रेडिओ पाण्यापासून जपण्याकडे गंभीरपणे लक्ष दिले गेले. स्वतः हिल पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमाला ऑबर्न या अशाच मुख्यालय नौकेवर होते आणि टर्नर एल्डोराडोवर.

पण पहिली परीक्षा तारावानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, मार्शल बेटांतल्या क्वाजालेनला झाली. दक्षिणेकडे टर्नर रॉकी माउंटवर होते. उत्तरेला रॉई आणि नामुर या जुळ्या बेटांसमोर रिअर ॲडमिरल कॉनोली ॲपलेशियनवर. तोफमाऱ्याला मेरीलँड होतीच, आता अंगावर मुख्यालय नसलेली. रॉईवरचे बुरूज पुरेसे फुटत नाहीत असे दिसल्यावर कॉनोली यांनी तिला किनाऱ्याच्या अगदी जवळ जायचा हुकूम दिला आणि ती गेली. त्यावरून कॉनोली यांना ‘क्लोज-इन’ हे टोपणनाव पडले. दोन महिन्यांपूर्वी हिल यांना हे असे करता आले नसते. जहाज पुढे ढकलायचे म्हणजे डिव्हिजनचे मुख्यालयच पुढे ढकलायचे.

त्याच दिवसांत, त्याच ताफ्यात, एलव्हीटींच्या रांगांना दिशा देण्याचे काम फेल्प्स या विनाशिकेकडे होते. मोहिमेच्या पहिल्या दिवशी सुरुंग काढणाऱ्या बोटींना तोफांचा आधार द्यायला तिला खाजणात जावे लागले. ती निघून गेली आणि मागे एलव्हीटींच्या रांगा कुणाच्या इशाऱ्यावर निघायचे ते न कळून घोटाळत राहिल्या. मोठ्या जहाजावरची दोन कामे वेगळी केली होती, लहान जहाजावरची अजून केलेली नव्हती.